पस्तीस तासांचं देणं

माझ्या मुलीहूनही लहान असलेली एक मुलगी सात आठवडे, रोज एक तास, माझ्या पायाशी उभी होती. आपल्याकडे लहानांनी मोठ्यांच्या पायाशी वाकायचं ते नमस्कारापुरतं, क्षणभर. ही मुलगी वाकायची ती माझ्या पोटऱ्यांना पट्टे आवळायला. त्याआधी अंगातल्या तंग विजारीवरची एकेक चुणी ती तळहातानं सारखी करायची, कारण चुणी राहिली तर तासाभरात तिथली कातडी सोलवटून निघते. पहिल्या दिवशी मी संकोचून पाय आखडून घेतले. ती म्हणाली, "काका, पाय ढिले सोडा. लाजायलात कशाला?" बोली जालन्याकडची. त्या एका वाक्यानं माझा अर्धा संकोच गेला.

ही गोष्ट २०१७ सालची. पण त्या मुलीचं देणं सांगायचं तर आधी एका जुळाऱ्याचं देणं सांगितलं पाहिजे. तो नसता, तर मी त्या उपचाराच्या पलंगापर्यंत पोचलोच नसतो.

वाईतल्या एका छापखान्यात मी ३१ वर्षं मुद्रितं तपासली. सुरुवातीची बरीच वर्षं खिळ्यांची. जुळारी केससमोर उभा राहून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा, मी ती कागदावर उमटल्यावर वाचायचो. माझ्या खुणांवर चिडणारे पुष्कळ असत. हा जुळारी एकटाच असा, की मी दाखवलेली चूक दुरुस्त करून वर म्हणायचा, "बरं झालं दिसली." १९८९च्या पावसाळ्यात एका सकाळी त्यानं हातातली स्टिक खाली ठेवली आणि छाती दाबून धरली. घाम आला होता. "पित्त झालंय," तो म्हणाला, आणि आम्हा सगळ्यांनाही तेच वाटलं. रात्री उशिरापर्यंत जागून काम केलेलं, पोटात नुसता चहा. कोपऱ्यावरच्या दुकानातून सोडा मीच आणला. त्यानं तो प्यायला, ढेकर दिला, "आता बरं वाटतंय" म्हणाला आणि कागदाच्या गठ्ठ्याला टेकून बसला. अर्ध्या तासानं ट्रेडल छपाईयंत्र चालवणाऱ्या पोरानं त्याला हाक मारली, तेव्हा तो गेलेला होता. वय ४१.

सोड्याची ती रिकामी बाटली मी परत केली नाही. पुष्कळ वर्षं माझ्या टेबलाखाली होती.

म्हणूनच २००३ साली वाईच्या गणपती घाटाच्या पायऱ्या चढताना माझ्या छातीच्या मधोमध पाटा ठेवल्यासारखं झालं आणि कळ डाव्या जबड्यापर्यंत गेली, तेव्हा मी पित्त हा शब्द तोंडातून काढला नाही. सरळ डॉक्टर गाठला. तीन शिरा अरुंद निघाल्या. मुंबईत बायपास झाली. वय बावन्न होतं. पुढची सगळी वर्षं मी त्या जुळाऱ्याच्या खात्यावर मांडतो. तो गेला आणि मला ओळखायला शिकवून गेला.

२०१५ साली तो पाटा परत छातीवर आला. अंजायना म्हणतात तो हाच. मराठी वैद्यकाच्या पुस्तकांत हृद्शूल असा शब्द आहे, पण शूल म्हटलं की सुई टोचल्यासारखं वाटतं. हे टोचणं नव्हे. हा दाब असतो, आवळणं असतं, आणि त्याबरोबर एक खोल भीती असते. विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्यानं १७६८ साली लंडनमध्ये या दुखण्याचं वर्णन केलं: चालताना, विशेषतः चढ चढताना, जेवणानंतर छाती आवळून येते आणि माणूस थांबला की थांबते. अडीचशे वर्षांनी कृष्णेच्या घाटावर माझं अगदी तसंच होत होतं. पाच-सहा पायऱ्या चढायचो, थांबायचो, खिशातली सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायचो आणि नदी पाहत असल्यासारखं करायचो. ओळखीचं कोणी आलं, की मी पाण्याविषयी बोलायचो.

पुन्हा अँजिओग्राफी झाली. बायपासमध्ये जोडलेल्या तीनपैकी दोन शिरा बंद. मूळच्या शिरा बारीक, आणि आजार त्यांच्या टोकापर्यंत पसरलेला. फुगा घालून स्टेंट बसवायला जागा नाही, नवी शीर जोडायला धड ठिकाण नाही. औषधं पुऱ्या मात्रेत चालूच होती. तरी आठवड्याला बारा-तेरा गोळ्या जिभेखाली जात. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९७६ साली अंजायनाच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या, त्या आजही जगभर वापरतात. एक जिना नेहमीच्या चालीनं चढतानाही कळ येत असेल, तर तिसरी पायरी. चौथ्या पायरीवर बसल्या जागीही कळ येऊ शकते. मी तिसरीवर होतो, आणि कधी कधी अंघोळीनंतर टॉवेलनं अंग पुसतानाही हात थांबवावा लागे.

त्याच सुमारास कोणीतरी एक पत्रक हातात ठेवलं. 'चाकू न लावता नैसर्गिक बायपास. ब्लॉकेज विरघळवा.' मी त्या केंद्रावर गेलो. तिथल्या गृहस्थांनी माझी अँजिओग्राफीची सीडी पाहिलीसुद्धा नाही. पायांची तपासणी नाही, झडपांची चौकशी नाही. पैसे आधी भरा आणि उद्यापासून या, एवढंच. मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला खोटं वाक्य छापलेलं पाहून जे होतं, ते मला झालं. मी उठून आलो, आणि त्या रागात तो उपचारच खोटा आहे असं ठरवून मोकळा झालो. हा माझा निकाल चुकीचा होता. उपचार खरा होता, पत्रक खोटं होतं.

हे मला पुण्यातल्या एका हृदयरोगतज्ज्ञांनी समजावलं. त्यांनी सीडी दोनदा पाहिली. मग खुर्ची माझ्याकडे ओढून म्हणाले, "याला ईईसीपी म्हणतात. बाहेरून, पायांवर दाब देऊन करायचा उपचार. यानं ब्लॉक जात नाहीत, हे आधी नीट ऐकून घ्या. आयुष्य वाढतं असंही सिद्ध झालेलं नाही. पण ज्यांच्यात आता स्टेंट बसवता येत नाही, बायपास करता येत नाही, अशा माणसांची कळ कमी होऊ शकते. चौघांतल्या साधारण तिघांना किमान एका पायरीचा फरक पडतो. तुम्ही चौथे निघू शकता." इतकं मोजून बोलणारा माणूस मला फार दिवसांनी भेटला होता. त्यांनी इको करायला लावला, कारण महाधमनीची झडप गळत असेल तर हा उपचार चालत नाही. पायांच्या शिरांची डॉपलर केली, कारण तिथे रक्ताची गुठळी असेल तर पट्टे आवळणं धोक्याचं. पोटातली महाधमनी फुगलेली नाही ना, हृदयाचे ठोके अनियमित नाहीत ना, रक्तदाब आटोक्यात आहे ना, सगळं पाहिलं. मगच हो म्हणाले.

रोज एक तास, आठवड्यातले पाच दिवस, सात आठवडे. एकूण पस्तीस तास. विमा कंपनीनं खर्च देत नाही म्हणून कळवलं. वाईहून रोज येणं-जाणं माझ्याच्यानं होणारं नव्हतं, आणि सात आठवडे पुण्यात कोणाकडे राहायचं हा प्रश्न होता. ही बातमी कशी पोचली मला माहीत नाही, पण एका संध्याकाळी फोन आला. जुळाऱ्याची बायको. मुलाकडे पुण्यात राहत होत्या. "भावजी, तुम्ही लॉजवर उतरलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही." वहिनींशी माझं अठ्ठावीस वर्षांत चार-पाच वेळाच बोलणं झालं असेल. सोडा कोणी आणला होता हे त्यांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं, तेराव्याला.

त्यांच्या घरी मी सात आठवडे राहिलो. मिठाचा हात आखडलेली आमटी, तेल मोजून घातलेली भाजी, आणि उपचाराच्या आधी पोट जड नको म्हणून सकाळी फक्त एक भाकरी. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी त्या रोज एक रेघ ओढत. "आज कितवा?" मी आकडा सांगायचो आणि मगच त्या स्वतःचं पान वाढून घेत. घरात सून होती, नातवंडं होती, सगळे जेवून उठल्याशिवाय त्या बसत नसत.

यंत्र काय करतं हे मला त्यांच्याकडे पाहूनच नीट समजलं. हृदय आवळतं तेव्हा साऱ्या शरीराला रक्त वाढतं. स्वतःच्या स्नायूला मात्र त्याला रक्त मिळतं ते मुख्यतः त्यानंतर, ते सैल पडतं त्या विसाव्यात. पंगत उठल्यावर जेवायला बसणाऱ्या बाईसारखं. माझ्या हृदयाच्या पानात तोवर फार काही उरत नव्हतं. यंत्राचे पट्टे असतात तीन जोड्या: पोटऱ्यांवर, मांड्यांच्या खालच्या भागावर, आणि मांड्यांच्या वरच्या भागापासून नितंबांपर्यंत. छातीवर ईसीजीच्या तारा. हृदय सैल पडलं की त्या क्षणी यंत्र हवा भरतं, आधी पोटऱ्यांत, पापणी लवायच्या आत त्याच्या वर, मग त्याच्याही वर. पायांतलं रक्त खालून वर पिळत हृदयाकडे ढकललं जातं आणि नेमकं त्याच्या जेवणाच्या वेळी पोचतं. पुढचा ठोका पडण्याच्या जरा आधी तिन्ही पट्टे एकदम रिकामे होतात. त्यामुळे हृदयाला पुढचं रक्त ढकलायला कमी जोर लागतो. दाब पाऱ्याच्या २६० ते ३०० मिलिमीटरपर्यंत नेतात. माझ्या वरच्या रक्तदाबाच्या दुप्पट.

सांगायला सोपं आहे, सोसायला पहिले काही दिवस अवघड गेलं. प्रत्येक ठोक्याला कमरेखालचं अंग उचलून आपटल्यासारखं होतं. बोलायला गेलं की शब्द तुकड्यांनी बाहेर पडतो. कॉम्प्रेसरचा सुस्कारा आणि पट्ट्यांचा धप धप आवाज, अगदी ट्रेडलच्या लयीत. चौथ्या दिवशी डोळे मिटले तेव्हा मी छापखान्यात होतो. औषधांमुळे माझी नाडी मिनिटाला साठच्या आसपास असायची. म्हणजे तासाला ३,६००, पस्तीस तासांत १,२६,०००. इतक्या वेळा त्या यंत्रानं माझ्या हृदयापुढे पान मांडलं.

आणि त्या प्रत्येक तासाला ती मुलगी तिथे होती. तिथे तिला सगळे सिस्टर म्हणत, पण ती परिचारिका नव्हती, यंत्र चालवणारी तंत्रज्ञ होती. मी ताई म्हणू लागलो. यंत्र लावून बाजूला बसली असती तर कोणी विचारणार नव्हतं. ती बसायची नाही. बोटाला लावलेल्या चिमट्यातून पडद्यावर नाडीच्या दोन लाटा दिसत. पहिली हृदयाची स्वतःची, दुसरी पट्ट्यांनी उठवलेली. दुसरी पहिलीपेक्षा उंच झाली पाहिजे, यासाठी ती पट्ट्यांची वेळ कणाकणानं पुढे-मागे करायची, एखादा पट्टा सोडून पुन्हा बांधायची. पहिल्या आठवड्यात माझी दुसरी लाट बुटकीच राहिली. ती रोज म्हणायची, "येतीय काका, वर येतीय." नवव्या दिवशी मांडीवर फोड आला, तेव्हा तिनं घरून स्वच्छ सुती कापडाच्या घड्या करून आणल्या आणि पट्ट्याखाली ठेवल्या. मधेच लघवीला लागायची. या उपचारात ती वाढतेच. सगळे पट्टे सोडून पुन्हा बांधायला तिला दहा मिनिटं लागत. एकदाही तिच्या कपाळावर आठी पाहिली नाही. ती दहा मिनिटं ती माझ्या तासात धरत नसे. स्वतःच्या जेवणाच्या वेळेतून देई.

पडल्या पडल्या माझा विचार फिरू लागला, की ही कल्पना मुळात कोणाची? डॉक्टरांना विचारलं. त्यांनी एके दिवशी कागदांची एक चवड आणून दिली आणि पुढचे काही दिवस मी, जमेल तसं इंग्रजी लावत, तीच वाचली. हृदयाच्या विसाव्यात दाब वाढवला तर त्याचं स्वतःचं रक्त वाढेल, हे १९५३ साली अमेरिकेत कँट्रोविट्झ बंधूंनी प्रयोगानं दाखवलं. पुढे हार्वर्डच्या संशोधकांनी पायांवर बाहेरून दाब देऊन पाहिला. सुरुवातीची यंत्रं पाण्याच्या दाबावर चालत, दोन्ही पाय एकदमच दाबत, आणि म्हणावा तसा गुण येत नव्हता. अमेरिकेत ही वाट जवळजवळ सोडून दिली गेली. ती चालत राहिली चीनमध्ये. ग्वांगझूच्या सन यत-सेन वैद्यकीय विद्यापीठात झेंग झेनशेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवेचे पट्टे एकामागून एक, खालून वर फुगवण्याची रीत बसवली. १९८३ साली त्यांचं काम इंग्रजीत छापून आलं. माझ्या पोटरीवर जो पट्टा आधी आवळला जायचा आणि मांडीवरचा नंतर, तो आधी-नंतरचा फरक त्यांचा. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात पुन्हा अभ्यास झाला, आणि १९९५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अंजायनासाठी या यंत्राला परवानगी दिली.

पण ज्यांच्यापाशी मी खरोखर थांबलो, ते वेगळेच. १९९९ साली अमेरिकेतल्या सात विद्यापीठ रुग्णालयांतल्या १३९ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे अर्ध्यांना खरा उपचार दिला. उरलेल्यांना तेच पट्टे, तोच पलंग, तेच पस्तीस तास, पण दाब फक्त ७५ मिलिमीटर. इतक्यानं काही उपयोग होत नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे त्यांना सांगितलं नव्हतं. खरा उपचार मिळालेल्यांना कळ कमी वेळा आली, आणि ट्रेडमिलवर चालताना त्यांच्या ईसीजीत ताण उमटायला जास्त वेळ लागला. एकूण किती वेळ चालता आलं, यात मात्र दोन गटांत ठाम फरक निघाला नाही. तेही त्यात स्वच्छ छापलेलं आहे, आणि मला त्याबद्दल आदर वाटला. अमेरिकेच्या आणि युरोपच्या डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांतही या उपचाराची शिफारस 'विचार करता येईल' इतपतच होती.

माझ्यासारखीच छातीवर पाटा घेऊन जगणारी साठ-सत्तर माणसं रोज तासभर त्या पलंगावर पडून राहिली, आणि त्यांना मिळालं काहीच नाही. ती पडून राहिली म्हणून डॉक्टर मला "कळ कमी होऊ शकते" हे वाक्य विश्वासानं सांगू शकले. त्यांची नावं त्या कागदात नाहीत, असूही नयेत. पण त्या दिवशी पट्टे सुटल्यावर मी पलंगावरून लगेच उठलो नाही. ताईनं विचारलं, "चक्कर येतीय का?" मी नाही म्हणालो.

अठराव्या दिवसाची गोष्ट. रिक्षा चौकातच सोडून मी चालत घरी आलो, जिना चढलो, चपला काढल्या, आणि वहिनींनी "आज कितवा?" विचारल्यावर लक्षात आलं, की गोळी घेतलीच नाही. घ्यायची आठवणसुद्धा झाली नाही. मी वहिनींना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. रेघ ओढली आणि देवापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

महाशिवरात्रीच्या आसपास ताईनं एक वही पुढे केली. येणाऱ्या रुग्णांना मराठीत काहीच लिहिलेलं मिळत नाही म्हणून तिनं स्वतः सूचना लिहिल्या होत्या. हलकं खाऊन यावे. लघवीला जाऊन यावे. विजारीवर चुणी राहू देऊ नये. पायाला कुठे खुपत असेल तर लगेच सांगावे. "काका, तुमी छापखान्यात होते ना? शुद्धलेखन बघा की." मी लाल पेन मागून घेतलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. शेवटून दुसरी ओळ होती: 'या उपचाराने ब्लॉकेज विरघळतात.' कुठल्या तरी पत्रकावरून उतरवलेली. मी ती सबंध ओळ खोडली आणि समासात वगळण्याची खूण केली.

ती थोडा वेळ वहीकडे पाहत राहिली. "ही ओळ काढली तर लोक यायचे नाहीत काका."

"मी आलो ना," मी म्हणालो.

वही डॉक्टरांकडे गेली. त्यांनी माझी खूण कायम केली आणि तिथे त्यांच्या अक्षरात तीन वाक्यं घातली: छातीतली कळ कमी होऊ शकते. ब्लॉकेज जात नाही. औषधे बंद करू नयेत. तो कागद टाइप होऊन त्या खोलीच्या दारावर लागला. तिच्या पस्तीस तासांच्या बदल्यात माझ्या हातून तिला दिलं गेलं ते एवढंच.

होळीच्या आधी पस्तीस पुरे झाले. शेवटच्या दिवशी मी तिच्यासाठी साडी नेली होती, वहिनींनी निवडलेली. तिनं ती घेतली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. सात आठवडे त्या पायांना हात लावल्यावर पुन्हा वेगळा नमस्कार केला. माझ्या तोंडून आशीर्वादही नीट निघाला नाही.

वाईला परतलो तेव्हा घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव चालू होता. गणपती घाट उतरलो आणि सावकाश, मधे एकदाच थांबून, वर आलो. आठवड्याला बारा-तेरा गोळ्या लागत होत्या, तिथे एखादी लागू लागली. डॉक्टरांनी मला तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर लिहिलं. वाढलेल्या प्रवाहानं धमन्यांचं आतलं अस्तर सुधारतं आणि बारीक आडवाटा उघडतात, असं संशोधक सांगतात. माझ्या आत काय घडलं हे मी पाहू शकत नाही. पायऱ्या मात्र मी चढलो. तीन वर्षं बरी गेली, मग कळ थोडी वाढली, पण पूर्वीइतकी आजवर झाली नाही. औषधं सगळी चालू आहेत.

वहिनी २०२१ साली गेल्या. ताई आता दुसऱ्या शहरात असते. दिवाळीत फोन येतो, आणि पहिला प्रश्न असतो, "काका, पाय सुजायलेत का?"

वाचणाऱ्या प्रत्येकाला माझं एक मागणं आहे. चालताना किंवा चढताना छाती आवळून येत असेल, तर ते अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. बसल्या जागी कोणाचीही छाती आवळली, घाम सुटला, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे गेली आणि थांबेना, तर त्याला पित्त म्हणू नका. कोणी सोडा आणून दिला तर तो बाजूला ठेवा. लगेच १०८ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत त्या माणसाला एकटं सोडू नका.